भावी सिस्टरचा फ्लेक्स

मु. पो. कळस, ता. इंदापूर
रविवार, जेवणं झाल्यावर

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी,

कळसहून सिद्धूचा साष्टांग नमस्कार. (डावा पाय प्लास्टरात असल्यामुळे आठांतलं एक अंग सध्या जमिनीला टेकत नाही. ते जोडून आलं की लासुर्ण्याला येऊन राहिलेला नमस्कार पुरा करीन.) आक्काच्या गुडघ्यांना उतार आहे का? उसाला कालव्याचं पाणी वेळेवर मिळालं का? नव्या गायीने लाथ मारायचं सोडलं, की तिला अजून तुमची ओळख पटायची आहे? इकडे बिरोबाच्या कृपेने माणसं, शेळ्या आणि बाजरी तिन्ही उभी आहेत. मी तेवढा बसलेला आहे.

मागच्या रविवारी पहाटे मी अंघोळ करून बिरोबाच्या देवळात गेलो, देवाला कौल लावला, आणि तिथून निघून फाट्यावरच्या खांबावर चढलो. चढल्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे. चढण्याआधीचं माहीत नाही, आणि ते सांगण्यासाठी हे पत्र. तुम्ही म्हणाल, खिशात मोबाईल असताना सिद्धूला कागद कशाला सुचला. दाजी, फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'व्हय' म्हणतो. आक्काचं लग्न झाल्यापासून आपलं हे असंच चाललं आहे आणि ते बरंच चाललं आहे. पण कागदाचा एक गुण असा की तो मधेच 'ते ऱ्हाऊ दे, मी काय म्हणतो ते ऐक' असं म्हणत नाही. शिवाय लिहिता येणं हे तुमचंच देणं आहे. वडील गेले तेव्हा मी मेंढरांमागे जाणार हे सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. तुम्ही नवे जावई. जावयाने पाट घ्यावा, पुरणपोळी खावी आणि आहेर घेऊन जावं, एवढंच त्याचं काम. तुम्ही माळावर मेंढरं बसवली होती तिथं आलात, माझ्या हातातली काठी काढून घेतलीत आणि मला कळसच्या शाळेत नेऊन बसवलंत. चुलते म्हणाले, "मग मेंढरं कोण राखणार?" तुम्ही म्हणालात, "मेंढरं इकता येत्यात. पोराचं डोकं इकता येत न्हाय, ते वापरावं लागतं." हे मी रोज आठवतो. देवापुढे उभा राहिलो की आधी बिरोबा, मग आईवडील आणि मग तुम्ही, असा माझा क्रम आहे. (आक्का म्हणते तिचं नाव त्यात कुठं आहे. तिला सांगा, ती आईवडिलांमध्येच धरलेली आहे.)

अशा माणसाला नाही कसं म्हणायचं, हे मला शाळेत कोणी शिकवलं नाही. माझ्या लग्नात तुम्ही वांग्याच्या रंगाचा सफारी शिवून आणलात, तो मी घातला. फोटोत नवरदेव शोधायला आजही कोणाला कष्ट पडत नाहीत. तुम्ही दाखवलेल्या जागी बोअर घेतली, फुफाटा निघाला. तुम्ही म्हणालात, "पाणी हाय, जरा लाजतंय." मी व्हय म्हटलं. ते अजून लाजतंय. पण याच तुमच्या हट्टाने माझं शिक्षण झालं, घर झालं, माझ्या छकुलीला बारावीला शास्त्र शाखेला बसवलं गेलं, हेही तितकंच खरं. तुमच्या दहा गोष्टींतल्या नऊ मला फळल्या, मग दहाव्या गोष्टीला तोंड वर करून बोलायचं धाडस कुठून येणार.

दहावी गोष्ट म्हणजे छकुलीचं नर्सिंग. बारावीचा निकाल लागला त्याच दिवशी तुम्ही फोन केलात की पोरगी सिस्टर होणार, ओळखीच्या संस्थेत जागा सांगून ठेवली आहे, काळजी करू नको. मी व्हय म्हटलं. छकुली दारात उभी होती. ती म्हणाली, "आबा, मला एक्स-रे काढायला शिकायचंय. बारामतीत कोर्स हाय." मी तिलाही व्हय म्हटलं. एका वेळी दोन गावच्या यात्रेला जायचं कबूल केल्यावर माणसाची जी अवस्था होते ती माझी तेव्हापासून होती.

छकुलीला मी लहानपणापासून पाहतो आहे. कोंबडी खुडूक बसली की ही टॉर्च घेऊन कोपऱ्यात अंडी उजेडावर धरून बघत बसायची, कशात पिल्लू धरलंय आणि कशात नाही. जेवायला हाक मारली तरी उठायची नाही. तेच तिच्या आईने पाठीला बाम चोळायला बोलावलं, तर हिचं उत्तर, "पाट तुझी, हात तुझं, चोळ की." मनाने वाईट नाही, पण पोरीला माणसाच्या आत बघायचं आहे, वरून चोळायचं नाही. हे मला कळत होतं. तुम्हाला सांगता येत नव्हतं.

मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो आणि तेवढ्यात तुम्ही फाट्यावर फ्लेक्स लावलात. दाजी, फ्लेक्स देखणा होता, यात शंका नाही. मधोमध तुम्ही, गॉगल लावलेले, मोबाईल कानाला. दोन्ही बाजूंना तुमच्या मित्रमंडळाचे सगळे पदाधिकारी. वर सोनेरी अक्षरांत 'भावी सिस्टर कु. छकुली हिला पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा', आणि खाली उजव्या कोपऱ्यात, शोधली तर सापडेल अशी, छकुली. (फोटो ओळखपत्रावरचा. त्यात ती फोटो काढणाऱ्यावर चिडलेली आहे.) दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओट्यावर ओपीडी सुरू झाली. शेजारची गोजरबाई गोळ्यांची पुडी घेऊन आली आणि म्हणाली, "सिस्टर, ह्यातली बीपीची कंची आन् पोटाची कंची?" छकुली म्हणाली, "आज्जी, मी अजून कुटंच गेले न्हाय." गोजरबाई म्हणाली, "मग बोर्ड काय आमी लावला? बोर्ड लागला म्हंजी लागलं." गावात आमदारकीपासून वाढदिवसापर्यंत सगळं फ्लेक्सवरच खरं होतं, तिचं काय चुकलं.

एक्स-रेच्या प्रवेशाची मुदत शुक्रवारी संपत होती. मला नाही म्हणता येईना म्हणून मी रविवारी पहाटे देवाला मधे घातलं. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे, दोन कळ्या ओल्या करून देवाच्या दोन खांद्यांना चिकटवायच्या, जी आधी पडेल तिचा कौल. मी कण्हेरीच्या कळ्या नेल्या. उजवी पडली तर नर्सिंग, डावी पडली तर एक्स-रे. पुजारी आपला बिरदेव. (हाच दिवसभर टेम्पोतून पेंड पोचवतो, त्यामुळे त्याची पूजाही वेळेच्या आत आटोपते.) आम्ही दोघं हात जोडून बसलो. उजेड झाला. समोरून शाळेतली पोरं गेली नाहीत, रविवार होता, पण दूधवाले गेले. कळ्या जागच्या हलेनात. बिरदेव म्हणाला, "फुंकर मारू का हळूच?" मी म्हटलं, फुंकर मारलेला कौल देवाचा की तुझा? मग तो उठला आणि टेम्पोची किल्ली शोधत म्हणाला, "सिद्धूतात्या, देवाला पावसाचं इचार, मेंढरांचं इचार. बारावीनंतर काय, ह्ये त्याला कुणी शिकिवलंय? पोरगी तुजी हाय. त्यो म्हणतोय, तू बघ."

मी त्यावर देवळाच्या पायरीवर बसून विचार केला. देव गप्प बसला असं मला वाटलं नाही. मी त्याच्याकडे ढकललेलं काम त्याने नीट घडी घालून मला परत केलं होतं. पण तुमच्याशी बोलण्याइतकी छाती अजून तयार नव्हती. मग म्हटलं, निदान तो फ्लेक्स उतरवावा. 'भावी सिस्टर' ही अक्षरं फाट्यावरून गेली की नाही म्हणायला पहिली जागा होईल. वारा सुटला होता, म्हणजे फ्लेक्स वाऱ्याने गेला असंही सांगता आलं असतं.

तर दाजी, मी फ्लेक्स सावरायला चढलो नव्हतो. उतरवायला चढलो होतो.

आता उतरवण्याची रीत अशी की आधी वरच्या गाठी सोडाव्यात. मी मेंढरांचा माणूस, जाळीचं कुंपण खालून सोडायची सवय. खालच्या दोन्ही गाठी सोडल्या, मग वरची डावी सोडली, आणि तेवढ्यात श्रावणातला वारा आत शिरला. फ्लेक्स शिडासारखा फुगला, मला गुंडाळलं आणि आम्ही दोघं, म्हणजे मी आणि तुम्ही, उरलेल्या एका गाठीवर क्षणभर फिरलो. डोळ्यांपुढे तुमचा गॉगल होता. मग ती गाठही सुटली (ती मी बांधलेली नव्हती, मित्रमंडळाने बांधलेली होती) आणि मी रस्त्याकडेच्या चारीत पडलो. नडगी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. शेंग फोडावी तसा.

लोक धावले. स्ट्रेचर कुठून असणार, म्हणून त्याच फ्लेक्सची झोळी केली, चौघांनी चार कोपरे धरले आणि मला रस्त्यावर आणलं. १०८ ची गाडी आली, तिच्यातही मला झोळीसकट ठेवलं. म्हणजे कळस ते बारामती मी तुमच्या छातीवर डोकं ठेवून गेलो. लहानपणापासूनचे एवढे उपकार, पण इतकं प्रत्यक्ष डोकं ठेवायचा योग याआधी आला नव्हता.

आता दवाखान्याचं. माझी समजूत अशी की दवाखान्यात डॉक्टर असतात, सिस्टर असतात आणि उरलेले आजारी असतात. गाडी चालवणाऱ्याला मी डॉक्टर म्हणून हाक मारली. तो म्हणाला, "मी पायलट." माझ्या मनात आलं, आपण डोक्यावर पडलो की काय. पण तिथं रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला पायलटच म्हणतात. त्याने वळणावर गाडी अशी नेली की पायाला कळ आली नाही. दारात एकाने मला ढकलत आत नेलं, त्यालाही डॉक्टर म्हणालो. तो वॉर्डबॉय होता. वय माझ्याएवढं, पण हुद्दा बॉय. रक्त काढायला पोरगा आला, सुई टोचलेली कळली नाही. त्याने बारावीनंतर लॅबचा कोर्स केलेला. रक्त त्याने घेतलं आणि माहिती मी घेतली. किती वर्षं, कुठं, घरचे काय म्हणाले. शेवटी तो म्हणाला, "काका, बाकीच्यांचं बी रक्त घ्यायचंय मला." प्लास्टर घालणारे एक मामा होते, ते पाय असा धरत जसा कुंभार ओलं मडकं धरतो. खिडकीतून औषध देणारी पोरगी निमगावची, फार्मसीचा डिप्लोमा केलेली. पलीकडच्या खोलीत डायलिसिसच्या मशीनपाशी बसणारा इंदापूरचा. पाय कसा टाकायचा हे शिकवायला आली ती फिजिओथेरपिस्ट. तो शब्द मला जमेना, म्हणून मी तिला पायाच्या बाई म्हणायचो आणि तिने ते चालवून घेतलं. यातल्या प्रत्येकाला मी एकदा तरी सिस्टर किंवा डॉक्टर म्हणालो आणि प्रत्येकाने 'न्हाय हो' म्हणून आपलं काम सांगितलं. दाजी, आपल्या तालुक्याची एवढी पोरं पांढऱ्या आणि निळ्या कपड्यांत तिथं राबतात, आणि आपण फाट्यावर बसून समजतो की दवाखान्याला एकच दार आहे.

खरी नर्स कोण होती सांगू? दोन्ही मिशा वर वळवलेला, पैलवानी अंगाचा रणजित. त्याला मात्र मी म्हणालो, "पैलवान, खाट जरा भिंतीकडं सरकवता का?" त्याने खाट सरकवली, मग इंजेक्शन काढलं आणि सांगितलं की उभ्या वॉर्डात नर्सिंगची पदवी असलेला या वेळेला तो एकटाच आहे. त्याने सगळ्या वॉर्डाला आईसारखं सांभाळलं. शेजारच्या खाटेवरचे म्हातारबाबा पाणी मागायचे आणि दिलं की ओरडायचे. रणजित परत द्यायचा, परत ऐकून घ्यायचा. नर्सिंग किती मोठं काम आहे हे मला त्याच्याकडे बघून कळलं, आणि तिथंच तुमच्या मनातला मानही कळला. मी त्याला छकुलीचं सांगितलं. तो म्हणाला, "तिला एकच इचारा. कुरकुरणाऱ्या म्हाताऱ्याला तिसऱ्यांदा पाणी पाजशील का?" मी विचारलं. छकुली बराच वेळ प्रामाणिकपणे विचार करून म्हणाली, "पयल्यांदा पाजीन."

एक्स-रेच्या खोलीत काय झालं ते मात्र नीट सांगतो, कारण सगळं तिथंच झालं. एक्स-रे काढणारी मनिषा, मोरगावची. घरी कोरडवाहू ज्वारी आणि शेळ्या, रोज एसटीने येते. मी अर्थातच तिला सिस्टर म्हणालो. ती म्हणाली, "सिस्टर न्हाय काका, मी एक्स-रेवाली. हालू नका." पायाचा फोटो झाला. पडताना बरगडीला मार लागला होता म्हणून छातीचाही काढायचा होता. मला टेकवून उभं केलं, छकुलीला दाराबाहेर थांबवलं, आणि काचेमागून मनिषा म्हणाली, "श्वास घ्या. धरून ठेवा." मी धरला. तेवढ्यात बाहेरून कोणीतरी तिला काही विचारायला आलं आणि ती त्याच्याशी बोलत राहिली. मी धरून उभा. मनात बिरोबाचं नाव घेऊ लागलो. नंतर आईवडिलांचं. तुमच्या नावापर्यंत आलो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. ती धावत आली.

"अवो काका, सोडा की श्वास. किती येळ धरताय?"

मी म्हणालो, "तुमी सांगितल्याबिगर कसा सोडू?"

ती हसत दाराकडे वळून म्हणाली, "तुझे आबा लई आज्ञाधारक हायती गं."

छकुली म्हणाली, "व्हय. तीच तर पंचाईत हाय."

पोरगी हसली नाही. मनिषा हसली, वॉर्डबॉय हसला. मीही हसलो, पण ते वाक्य बरगडीपेक्षा आत कुठंतरी लागलं, आणि त्याचा फोटो निघत नाही. मग मनिषाने आमच्या पायाचा फोटो उजेडाच्या पाटीवर लावला. छकुली पुढे झाली, कोपऱ्यात अंडी बघायची तशीच मान वाकडी करून, आणि म्हणाली, "आबा, हितं चीर हाय." (ती चीर आंधळ्यालाही दिसली असती. मी तिची हुशारी सांगत नाही. मी तिचं तोंड सांगतो आहे.) मनिषाने तिला मशीन दाखवलं, काय शिकावं लागतं ते सांगितलं, आणि नंतर तिला तिथून हलवायला तिच्या आईला जावं लागलं.

तुम्ही आलात तो दिवस तुम्हाला आठवत असेलच. केळी, मोसंबी, मित्रमंडळ. फ्लेक्स माझ्या खाटेखाली घडी करून ठेवलेला बघून तुमचे डोळे भरून आले. तुम्ही रणजितला धरून सांगितलंत, "माजा फोटू वाऱ्यानं फाटू ने म्हणून मेव्हणा खांबावर चढला. असं प्रेम आजकाल ऱ्हायलं न्हाय." मी सांगायला तोंड उघडलं आणि त्यातून व्हय बाहेर पडलं. पुढे तुम्ही म्हणालात, "आता तू हालू नको. पुढल्या आठवड्यात गुरवारी छकुलीला नर्सिंगला मीच घिऊन जातो." त्यालाही मी व्हय म्हणालो. छकुली पाण्याची बाटली भरायला म्हणून उठून गेली. ती बाटली भरलेली होती. तुम्ही मित्रमंडळाला दवाखाना दाखवायला पुढे झालात आणि आक्का मागे राहिली. तिने माझ्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि हळूच म्हणाली, "सिद्ध्या, पाय मोडलाय तुजा. जीभ न्हाय मोडली."

त्यानंतर मी खाटेवर पडून पुष्कळ विचार केला. तुम्ही माझ्या हातातली काठी काढून घेतलीत तेव्हा सगळं गाव म्हणत होतं, धनगराच्या पोरानं मेंढरंच राखायची. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, गावाकडे नाही. मी आज छकुलीकडे न बघता तुमच्याकडे बघत बसलो, तर तुम्ही मला दिलेलं शिक्षण मी वाया घालवलं असं होईल. म्हणजे तुमचा शब्द मोडल्याशिवाय तुमचा शब्द पाळता येत नाही, अशी ही अडचण आहे. मला ती एकट्याला सोडवता येत नाही. तुम्ही थोर आहात, जग पाहिलेले आहात. छकुलीचं काय करावं, याबद्दल आपला जो काही सल्ला असेल तो कळवावा. आपण सांगाल तो शिरसावंद्य.

आक्काला नमस्कार. गायीपासून जपून.

आपला आज्ञाधारक,
सिद्धू

ता. क. हे पत्र टपालाने धाडत नाही. बिरदेव आज लासुर्ण्याला पेंड घेऊन येतो आहे, त्याच्या हाती देतो. त्याने वाचलं तर रागावू नका, तो पुजारी आहे, त्याच्यापासून लपवून उपयोग नसतो.

पुन्हा ता. क. फ्लेक्सची काळजी करू नका. वॉर्ड झाडणाऱ्या मावशींनी तो दवाखान्यातच धुऊन दिला. सध्या शेळ्यांच्या खोपीवर छपराला घातला आहे, तुमचा फोटो आतल्या बाजूला, म्हणजे पावसाने रंग जाणार नाही. शेळ्या तुमच्याकडे बघत रवंथ करतात. एका करडाने मित्रमंडळाच्या खजिनदारांचा कान खाल्ला आहे, तेवढं त्यांना सांगू नये. गोजरबाई येऊन बघून गेली आणि म्हणाली, "बोर्ड उतारला म्हंजी सिस्टर न्हाय झाली. आता माज्या गोळ्या कोण बघणार?" छकुलीने तिला ओट्यावर बसवून बीपीची पुडी निराळी बांधून दिली, आणि तेच तिसऱ्यांदा विचारल्यावर आत निघून गेली.

शेवटचं ता. क. वर सल्ला मागितला आहे तो सवयीने. हात तिकडेच वळतो. खरं असं की दवाखान्यातून घरी सोडल्यावर शुक्रवारी मी बिरदेवच्या टेम्पोत मागे पेंडीच्या पोत्यावर पाय ठेवून बारामतीला गेलो. छकुली शेजारी बसली होती आणि रस्ताभर तिने माझा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, खड्ड्यांत उडू नये म्हणून. (पाठीला बाम न चोळणारी हीच ती.) कोर्सच्या कचेरीत त्यांनी विचारलं की पोरगी वसतिगृहावर राहणार, तर जवळचा कोणी पालक हवा, अडीनडीला धावून येणारा. माझ्या तोंडात एकच नाव आलं. तुम्हाला न विचारता तुमचं नाव आणि मोबाईल नंबर देऊन बसलो आहे. उद्या-परवा तिथल्या बाईंचा फोन येईल. त्या विचारतील, आपणच छकुलीचे इथले पालक का. दाजी, आजवर मी तुम्हाला व्हय म्हणत आलो आणि त्यात माझं भलंच झालं. एवढ्या एका वेळेला तुम्ही म्हणा. जास्त बोलू नका, नुसतं व्हय. मागायचं होतं ते एवढंच, बाकी सगळं पत्र त्याच्या आजूबाजूचं आहे.

आणि तुम्ही न्हाय म्हणालात, तरी तुमच्यावरचा माझा जीव रतीभर कमी होणार नाही आणि छकुलीही एक्स-रेलाच राहील. कारण त्या दिवशी कचेरीत मी सही केली. क्लार्क म्हणाला, झालं काका, तरी मी तसाच ताठ बसून होतो. तेव्हा छकुली माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आबा, सोडा की आता श्वास."

मी सोडला.